तो सुरुंग, ती सुरंग

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक मथळा हमखास असतो. पक्ष बदलतात, जिल्हे बदलतात, माणसं तर इकडून तिकडे जातच असतात, पण मथळा तोच : अमुकांच्या बालेकिल्ल्याला तमुकांचा सुरुंग. मला तो वाचून दर वेळी थोडं हसू येतं. बालेकिल्ला म्हणजे गडाचा सगळ्यात वरचा, सगळ्यात आतला भाग. तिथवर पोचायचं तर आधी तट पाडायला हवा, दरवाजा फोडायला हवा, थोडक्यात गड घ्यायला हवा. आणि एकदा गड हाती आल्यावर बालेकिल्ल्याला सुरुंग लावून आपलंच घर कोण उडवेल? सुरुंग लागायचा तो तटाच्या पायाला, बुरुजाच्या बुडाला. पण उपसंपादकाला रात्री साडेअकराला हे कोण सांगणार.

हसू येण्याचं दुसरं कारण त्या शब्दांच्या कुळाचं आहे. 'बाला' म्हणजे वरचा, तो फारसी. 'किल्ला' अरबीतून आलेला. आणि सुरुंग? तो चक्क ग्रीक. कऱ्हाड किंवा बारामतीच्या निकालाचा मथळा, त्यात तीन परदेशी पाहुणे, आणि एकालाही आपण पाहुणा म्हणून ओळखत नाही.

या शब्दाच्या मागे मी लागलो ते मात्र मथळ्यामुळे नाही, आबांमुळे.

नोव्हेंबर २०२३. ऐन दिवाळीत उत्तराखंडात सिलक्यारा इथं, काम चालू असलेला रस्त्याचा बोगदा मधेच ढासळला आणि ४१ मजूर आत अडकले. सतरा दिवस ती बातमी चालली होती. आबांचं वय झालंय, दिवसभर टीव्हीसमोर असतात आणि चॅनेल बदलायचा कंटाळा, त्यामुळे हिंदी लागलं तर हिंदी. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'सुरंग में फँसे ४१ मज़दूर' असं काहीतरी येत होतं आणि एक अधिकारी नळीला तोंड लावून आतल्या माणसांशी बोलत होता. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आरं, सुरुंगात घावली म्हंजे उडालीच की ती. मग ह्यो बाबा पायपातनं बोलतोय कुणासंगं?"

मी त्यांना सांगितलं की हिंदीत सुरंग म्हणजे आपला बोगदा. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "सुरुंग तो सुरुंग. बोगदा म्हंजे बोगदा."

खरंच आहे. मराठीत आपण जमिनीखालच्या वाटेसाठी दोन शब्द राखून ठेवलेत. भुयार आणि बोगदा. भुयार म्हटलं की जुना वाडा, देऊळ, वटवाघळं, आणि 'हे थेट पलीकडच्या गावापर्यंत जातं बरं का' असं सांगणारा एक म्हातारा डोळ्यांपुढे येतो. बोगदा म्हटलं की आगगाडी, शिट्टी आणि खंडाळ्याच्या घाटात डब्यातल्या पोरांनी केलेला आरडाओरडा. सुरुंग या शब्दाला मात्र वाट नाहीच. तो लावायचा, भरायचा, उडवायचा. आपल्यासाठी सुरुंग म्हणजे स्फोट. हिंदीत उलट. तिथे सुरंग म्हणजे मुळात वाट, आणि स्फोट हवा असेल तर पुढे 'बारूदी' जोडावं लागतं. त्यात आणखी एक गंमत म्हणजे हिंदीत ती सुरंग, आपल्याकडे तो सुरुंग. संस्कृतातही 'सुरुङ्गा' स्त्रीलिंगीच, ग्रीकमध्येही स्त्रीलिंगी. दोन हजार वर्षं बाई असलेला शब्द मराठीच्या उंबऱ्यात येऊन बाप्या झाला. दारू पोटात गेल्यावर झाला असावा, असा एक वात्रट विचार माझ्या मनात येतो. दारू म्हणजे अर्थातच बंदुकीची.

ग्रीक शब्द आहे 'सिरिंक्स'. अर्थ : नळी, पावा. त्यांची एक कथा आहे. सिरिंक्स नावाची एक वनदेवता होती. बकऱ्याच्या पायांचा, शिंगं असलेला पॅन नावाचा देव तिच्या मागे लागला. ती पळत नदीकाठी आली, पुढे पाणी, मागे हा. तिनं धावा केला आणि तिचे बोरू झाले, वेतासारखे नदीकाठी उगवतात ते. पॅनच्या मिठीत आले ते नुसते बोरू. त्यानं उसासा टाकला, तो त्या पोकळ नळ्यांतून गेला आणि सूर उमटला. मग त्यानं लहानमोठे तुकडे कापून, मेणानं जोडून पावा केला आणि त्याला तिचंच नाव दिलं. आपला मुरलीवाला पॅनपेक्षा बराच सभ्य, पण पोकळ बांबूतून वारा गेला की त्याचं काय होतं हे दोघांनाही सारखंच माहीत होतं.

तर सिरिंक्स म्हणजे लांब, पोकळ, आत काही नसलेली गोष्ट. मग ग्रीकांना जिथे जिथे अशी पोकळी दिसली तिथे तिथे त्यांनी हा शब्द लावला. इजिप्तमध्ये नाईलच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटात कोरलेल्या राजांच्या थडग्यांना ते 'सिरिंगेस' म्हणजे नळ्या म्हणत. लष्करी लोकांनी तटाखालून खणत नेलेल्या वाटेलाही तेच नाव दिलं. हाच शब्द लॅटिनमधून फिरत फिरत युरोपातल्या वैद्यांकडे गेला आणि तिथून आपल्या दवाखान्यात आला : सिरिंज. म्हणजे डॉक्टर दंडात खुपसतात ती आणि खाणीत उडतो तो, हे दोघे सख्खे भाऊबहीण. एक पोकळ सुई, एक पोकळ जमीन. पोलिओच्या डोसाला तोंडातून थेंब मिळाले म्हणून सुटलेल्या माझ्या पिढीला सिरिंजची जी धास्ती होती, तिच्यात काही पिढीजात शहाणपण असावं.

तटाखालून खणत जाणं ही युद्धातली फार जुनी युक्ती. आणि तिच्यावरचा उतारा तितकाच जुना, तो आहे कान. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं आफ्रिकेतल्या बार्का या गावाच्या वेढ्याची हकिगत लिहून ठेवलीय. इराणी सैन्य गुपचूप तटाखालून खणत होतं. गावात एक तांबट होता. त्यानं काशाचा मुलामा असलेली एक ढाल घेतली आणि तटाच्या आतून फिरत ती जागोजागी जमिनीला टेकवून पाहिली. सगळीकडे ढाल गप्प. जिथे खाली खणणं चालू होतं तिथे मात्र ती घुमू लागली. मग त्या जागी आतून खणून गावकऱ्यांनी इराण्यांना गाठलं. पुढे इसवी सनापूर्वी १८९ मध्ये रोमनांनी अँब्रेशिया या ग्रीक गावाला वेढा घातला, तेव्हा आतल्या लोकांनी तटाला समांतर खंदक खणला, त्याच्या भिंतीला काशाचे पातळ पत्रे लावले आणि कान देत राहिले. आवाज सापडला तिथे त्यांनीही समोरून खणलं. दोन पोकळ्या एकमेकींना भेटल्या. तिथे भाल्यांनी निभेना, म्हणून त्यांनी एका मोठ्या बुधल्यात पिसं भरली, निखारा टाकला आणि लोहाराच्या भात्यानं त्याचा धूर रोमनांच्या तोंडावर सोडला. जळत्या पिसांचा वास ज्यानं घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको.

हे वाचत असताना मला सारखं वाटत होतं की आपण हे आधी कुठेतरी वाचलंय. वाचलं होतं ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात.

दुबळ्या राजानं बलाढ्य शत्रूपासून किल्ला कसा राखावा, हे सांगताना तो म्हणतो की जिथे शत्रू खणत येईल असा संशय आहे तिथे पाण्याचे घडे किंवा काशाची भांडी ठेवावीत, म्हणजे खणण्याचा पत्ता लागेल. सुरुंगेची वाट कळली की समोरून प्रतिसुरुंगा खणावी. मधे फोडून आत धूर सोडावा किंवा पाणी. तीच भांडी, तीच समोरून खणण्याची रीत, तोच धूर. आणि शब्द कोणता? सुरुङ्गा. शब्द एकटा आला नव्हता. आपल्या हत्यारांसकट, युक्तीसकट आला होता, जसा एखादा गवंडी परगावी कामाला येतो तो ओळंबा आणि थापी पिशवीत घालूनच येतो.

काशाचं भांडं म्हटल्यावर मला आजीची वाटी आठवली. तळपायाला तूप लावून घासायची, तळहातात मावणारी, जड, काळपट पडलेली काशाची वाटी. तिचं काय झालं ते पुढे सांगतो.

कौटिल्याच्या ग्रंथात ग्रीक शब्द कसा, हा प्रश्न विद्वानांना पडणं साहजिक होतं. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती लागली १९०५ मध्ये, छापून आली १९०९ मध्ये. चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याचा ग्रंथ सापडला म्हणून देशभर आनंद झाला. मग प्रागचे ऑटो स्टाइन नावाचे अभ्यासक या एका शब्दावर बोट ठेवून बसले. त्यांचं म्हणणं असं की सिरिंक्सला तटाखालच्या भुयाराचा अर्थ चिकटला तोच उशिरा, अलेक्झांडरच्या नंतरच्या काळात. मग तो शब्द तिथून इथे येऊन संस्कृतात रुळायला आणखी वेळ गेला असणार. म्हणजे ग्रंथ, निदान त्याचा हा भाग, चंद्रगुप्ताच्या काळातला नसावा. यावर वाद झाले, आजही होतात. पण अर्थशास्त्र एकाच माणसानं एका बैठकीत लिहिलेलं नाही, हे आता पुष्कळ जण मानतात. मला त्यातली गोष्ट आवडते ती वेगळीच. किल्ल्याच्या तटाखालची पोकळी सांगणारा शब्द, आणि त्याच शब्दानं ग्रंथाच्या तारखेच्या तटाला खिंडार पाडलं. मथळा लिहिणाऱ्या उपसंपादकाला ही बातमी मिळायला हवी होती.

आणि ग्रीक शब्द म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. ज्योतिषाची 'होरा' ग्रीक आहे, 'केंद्र' ग्रीक आहे. सुरुंग परका म्हणून काढायचा ठरवलं तर केंद्र सरकारही बरखास्त करावं लागेल.

चाणक्याची आणि सुरुंगेची आणखी एक गोष्ट आहे, विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकातली. चंद्रगुप्ताच्या शयनगृहात त्याला मारायला मारेकरी आधीच दडवून ठेवलेले असतात, भिंतीच्या आतल्या सुरुंगेत. राजा आत जाण्याआधी चाणक्य खोली नजरेखालून घालतो. भिंतीच्या एका फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येत असते आणि मुंग्यांच्या तोंडात भाताची शितं असतात. एवढंच. भिंतीच्या आत कुणीतरी जेवलंय हे त्याला कळतं आणि तो ती खोली जाळायला लावतो. अँब्रेशियाच्या लोकांना काशाचे पत्रे लागले, याला मुंग्यांवर भागलं.

इथवर सुरुंग मुका आहे. पोकळी करायची, ती कळू द्यायची नाही. दारू येण्याआधी तट पाडायची रीतही मुकीच होती. तटाच्या पायाखालून माती काढत जायचं, वरचा भार लाकडाच्या टेकूंवर घ्यायचा, आणि पोकळी पुरेशी झाली की टेकू पेटवून बाहेर पळायचं. लाकूड जळालं की तट आपल्याच वजनानं खाली बसतो. इंग्लंडात १२१५ मध्ये जॉन राजानं रॉचेस्टरच्या किल्ल्यासाठी, टेकू नीट पेटावेत म्हणून खायला नालायक अशी चाळीस गलेलठ्ठ डुकरं मागवली होती, त्यांच्या चरबीसाठी. कोपरा पडला.

मग दारू आली, आणि पोकळी भरण्याची सोय झाली. टेकूंची गरज उरली नाही. पिंपांनी दारू आत न्यायची, तोंड बुजवायचं, वात बाहेर आणायची. महिनाभर कुणाला ऐकू न येण्याची खटपट, आणि शेवटी सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असा आवाज. मला वाटतं मराठीनं नेमक्या याच क्षणी कान टवकारले. वाट विसरली, आवाज धरून ठेवला. ज्या भाषेच्या मुलखात पावलोपावली किल्ला, तिला सुरुंग कळला तो आतून, तटावर उभं राहून. तटावरच्या माणसाला खालची वाट दिसत नाही. त्याला फक्त शेवट ऐकू येतो.

आपल्याकडच्या या आवाजांची एक वहीच करता येईल. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, १५९६. मुराद शहाजाद्याच्या फौजेनं किल्ल्याच्या तटाखाली पाच सुरुंग नेले होते. मोगलांच्या बाजूच्याच एकानं रात्री येऊन आतल्यांना त्याची खबर दिली. चांदबीबीनं आतून खणायला लावलं. दोन सुरुंगांतली दारू काढून झाली होती, तिसऱ्याचा शोध चालू असतानाच तो उडाला आणि तटाला मोठं भगदाड पडलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, चेहऱ्यावर पडदा आणि हातात उपसलेली तलवार. पण मला त्या रात्रीचं काम जास्त थोर वाटतं. सकाळपर्यंत भगदाड भरून निघालं होतं. दगड, माती, मिळेल ते. तलवार एकीच्या हाती होती, पाट्या शेकडोंच्या डोक्यावर. मोगलांनी शेवटी वऱ्हाड घेऊन तह केला.

चाकण, १६६०. शायिस्ताखानासमोर फिरंगोजी नरसाळ्यानं भुईकोट पंचावन्न-छप्पन्न दिवस लढवला. भर पावसात, चिखलात खणत नेलेला सुरुंग १४ ऑगस्टला उडाला आणि कोपऱ्यावरचा बुरूज माणसांसकट गेला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आज चाकणला मोटारींचे कारखाने आहेत, ट्रकांची रांग संपत नाही, आणि त्या गर्दीत किल्ल्याची उरलीसुरली भिंत शोधावी लागते. वसईचा १७३९ चा वेढा तर सुरुंगांचाच. फरक एवढाच की तिथे खणणारे आपण होतो आणि तटावर पोर्तुगीज. चिमाजी अप्पांच्या माणसांनी खाऱ्या वाळूत, तोफांच्या माऱ्याखाली ती खोदाई केली. डोंगरातल्या माणसांना वाळू खणणं किती परकं गेलं असेल, हा विचार वसईच्या तटावर उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

पण माझा सुरुंग साताऱ्याचा. अजिंक्यतारा आमच्या गावावरून दिसतो. आता त्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे आणि पहाटे फिरायला जाणाऱ्यांची गाड्या लावायची भांडणं. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः या गडाखाली येऊन बसला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. १३ एप्रिल १७०० ला मोगलांनी दोन सुरुंगांना बत्ती दिली. पहिल्यानं मंगळाईचा बुरूज आभाळात गेला. तटावरचे मराठे गाडले गेले, त्यांत प्रयागजीही, पण ते ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. खालची फौज आता वाट मोकळी झाली म्हणून तटाला येऊन भिडली, आणि दुसरा सुरुंग तेव्हा उडाला. तट आत पडायच्या ऐवजी बाहेर पडला, थेट वर चढणाऱ्यांच्या अंगावर. दीड-दोन हजार मोगल तिथेच संपले असं सांगतात. त्यांच्याच सुरुंगानं, त्यांनीच खणलेल्या.

ही चूक नवी नव्हती. १७ डिसेंबर १५६७ ला चितोडच्या तटाखाली अकबराचे दोन सुरुंग होते. पहिला उडाला, सैनिक धावले, दुसरा मागाहून त्यांच्या पायाखाली उडाला. शे-दोनशे आपलीच माणसं गेली. मधे सुमारे १३२ वर्षं. पणजोबाची चूक पणतवानं जशीच्या तशी केली. बादशाहीत दप्तरं ठेवली जात होती, सगळं लिहिलं जात होतं, पण 'आवाज मोजा, दोन्ही ऐकू आल्याशिवाय पुढे जाऊ नका' एवढं एक वाक्य कुणी पुढच्याला सांगितलेलं दिसत नाही. सातारा शेवटी आठवडाभरातच मोगलांना मिळाला, पण तो सुरुंगानं नाही. राजाराम महाराज सिंहगडावर वारल्याची बातमी आली होती.

या सगळ्या हकिगतींत किल्लेदाराचं नाव आहे, सरदाराचं आहे, बादशहाचं आहे. तटाखाली तेलाच्या दिव्याच्या उजेडात, कंबरेत वाकून, वरचा डोंगर कधी बसेल याचा नेम नसताना, खणण्याचा आवाज होऊ नये म्हणून हळू हळू खणणाऱ्याचं नाव मला एकाही ठिकाणी मिळालं नाही. मोघम 'बेलदार' असा शब्द येतो, एवढंच.

अशा एका माणसाला मात्र मी लहानपणी रोज बघत होतो.

मी सहावीत असताना आबांनी विहीर काढायला घेतली. चार परसांपर्यंत मुरूम लागला, पुढे काळा कातळ. मग मिस्त्री आले. वडार समाजाचे, उंचेपुरे, एका कानानं अधू. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे, नाव मला आजही माहीत नाही. हे लिहिताना ते लक्षात आलं आणि वर बेलदारांबद्दल जे लिहिलं ते खोडावं की काय असं वाटलं.

मिस्त्रींचं काम सुरू व्हायचं ते ऐकण्यापासून. तळाला उतरून पहारीनं कातळावर ठिकठिकाणी ठोकायचे आणि चांगला कान त्या बाजूला करायचे. टण्ण वाजला तर दगड सलग. भद्द वाजला तर आत फट. फटीवर भोक घ्यायचं नाही, दारूचा जोर फटीतून निघून जातो, दगड नुसता सुस्कारा टाकतो, असं ते म्हणायचे. मग छिन्नी आणि घण. एक जण छिन्नी धरून दर घावाला थोडी फिरवणार, दुसरा घण घालणार. हात-दीड हात भोक व्हायला अर्धा दिवस. मग पळीनं आतला चुरा काढायचा, दारू भरायची, वात सोडायची, वर माती लाकडाच्या दट्ट्यानं ठासायची. लोखंडानं कधीच नाही, ठिणगी पडते. वर बाभळीच्या फांद्या, दगड उडू नयेत म्हणून. दिवस मावळायला आला की माणसं वर काढायची, यारीचा दोर गुंडाळायचा, आणि बांधावरून हाळी : "सुरुंग हाय ओ! सुरुंग!"

आम्ही पोरं गोठ्याच्या भिंतीआड. आजी घरात. पहिल्या बाराला मांडणीवरची सगळी भांडी खडखडायची आणि गप्प व्हायची. काशाची वाटी मात्र तशीच गुणगुणत राहायची, पुष्कळ वेळ. आजी हात ठेवून तिला गप्प करायची, रडणाऱ्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. कौटिल्याचं ते वाक्य वाचलं तेव्हा मला पुस्तकात दुसरं काही दिसलं नाही, तो हात दिसला.

आणि मिस्त्री मोजायचे. बांधावर उकिडवे बसून, बोटांच्या पेरांवर. पाच भरले तर पाच ऐकू यायला हवेत. आकडा जुळला की बिडी पेटायची, त्याआधी नाही.

एक दिवस सात भरले होते आणि सहाच उडाले.

मिस्त्रींनी सातवं पेर अंगठ्याखाली धरून ठेवलं. कुणी काही बोललं नाही. आबा म्हणाले, "दोन जोड उडालं असतील." मिस्त्रींनी मान हलवली. त्या रात्री कुणाला विहिरीकडे फिरकू दिलं नाही, स्वतः बांधावर घोंगडं टाकून पडले. सकाळी उजाडल्यावर एकटेच उतरले. आम्ही वरून बघत होतो. भोकावरची माती त्यांनी लाकडी काडीनं, दाण्या-दाण्यानं उकरली. मग वात ओढली तर ती हातात अलगद आली, काळी, लिबलिबीत. त्यांनी ती चिमटीत पिळली. मग भोकाला चांगला कान लावून बसले.

"मालक," खालून आवाज आला, "दारू भिजलीया."

आबा काठावर ओणवे झाले. "कशानं?"

मिस्त्रींनी बोट भोकात घातलं आणि बाहेर काढून वर दाखवलं. इतक्या उंचीवरून काही दिसत नव्हतं, पण आबांना बहुतेक दिसलं.

"चाखून बघा," ते म्हणाले. "गोडं हाय का?"